अथेन्समधलं बेळगाव

आमच्या घरात अक्षरं वाळत घातलेली असायची.

शहापुरातल्या आमच्या घराला पुढं कट्टा, कट्ट्यावर पत्र्याची पडवी आणि पडवीत भिंतीला टेकून बाबांचे बोर्ड. ‘किराणा व भुसार’मधला भुसार अजून ओला, तर पलीकडच्या पत्र्यावर ‘डॉ.’ एवढंच रंगलेलं आणि डॉक्टरांचं आडनाव खडूच्या रेघांत अडकलेलं. शाळेतून आलो की दप्तर टाकायच्या आधी कानावर पडायचं, “हात लावू नको, ओलं हाय.” टर्पेन्टाईनचा वास कुठंही आला तरी मला अजून भूक लागते.

बेळगावातला बोर्ड म्हणजे एका पत्र्यावर दोन-तीन भाषांचा संसार. वर कन्नड, खाली मराठी, कडेला जागा उरली तर इंग्रजी. कुठलं अक्षर वर आणि कुठलं किती मोठं यावरून आमच्याकडं काय काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. बाबांना त्या वादापेक्षा अंतराची काळजी जास्त. कन्नड जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पायाशी लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. मराठीच्या मात्रा आणि रफार डोक्यावर चढतात. म्हणजे वरच्या ओळीचे पाय आणि खालच्या ओळीची डोकी यांची टक्कर ठरलेली. बाबा दोरीला खडू चोळायचे, एक टोक मला धरायला लावून ती पत्र्यावर ताणायचे आणि मधोमध टिचकी मारायचे. टण्णकन रेघ उमटायची. दोन ओळींच्या मधे चार बोटं मोजून म्हणायचे, “हां. आता न्हाई भांडत.”

ते स्वतः मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. कन्नड बाजारापुरतं बोलायचे, वाचताना अक्षराला अक्षर लावत बसायचे. पण काढायचे असं की कन्नड शाळेतले मास्तर सायकल थांबवून बघत. मराठीत त्यांचा सगळा जीव ‘ळ’वर. पेंटर ओळखायचा असेल तर त्याचा ळ बघ, म्हणायचे. दोन्ही डोळे सारखे पाहिजेत आणि मधली गाठ घट्ट पाहिजे, पण बुजलेली नको. आमच्या भागात ळला तोटा नाही. बेळगाव, येळ्ळूर, बेळगुंदी. हात बसायला पत्ता पुरेसा होता.

मला मात्र ब्रश कधी आला नाही. रेघ थरथरायची. “तू शीक बाबा कायतरी,” असं म्हणून त्यांनी मला बीएस्सीला घातलं.

१९९९च्या सुरुवातीला मी कॉलेज रोडजवळच्या एका बोळातल्या सायबर कॅफेत जायला लागलो. प्लायवूडची तीन खोपटी, तीन कॉम्प्युटर, तिघांत मिळून एक फोनची लाइन. तासाला साठ रुपये, अर्ध्या तासाच्या खाली बसायला मिळत नसे. आधी मोडेमचं ते कर्कश्श किंचाळणं, मग कुरकुर, मग शांतता. त्या शांततेची वाट सगळं कॅफे बघायचं. साठ केबीचा एक फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं उतरायला, तिघं बसलेले असतील तर, एक मिनिट सहज जायचं. कॅफेमालक तेवढ्यात बाहेर जाऊन चहा सांगून यायचा.

एक दिवस उंदीर भलतीकडंच दाबला गेला आणि व्ह्यू मेनूतलं सोर्स उघडलं. नोटपॅडची पांढरी खिडकी, तिच्यात सगळी कोनी कंसांची रांग. पहिल्यांदा वाटलं, मशीन बिघडवलं, आता पैसे भरावे लागणार. मग त्या जंगलात मला समोरच्या पानावरचं एक वाक्य दिसलं. त्याच्या आधी कंसात ‘बी’, नंतर कंसात तिरकी रेघ आणि ‘बी’. पानावर तेच वाक्य ठळक होतं. बोर्ड उलटा करून मागची बाजू बघावी तसं. टिम बर्नर्स-ली यांनी वेबचं हे सगळं जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत बसून मांडलं आणि ३० एप्रिल १९९३ला सर्ननं ते जगाला फुकट खुलं करून टाकलं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी एवढंच वाटलं की हे लोक खडूच्या रेघा पुसायला विसरलेत, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत आपण त्या उतरवून घ्याव्यात.

उतरवून घ्यायच्या त्या वहीत. घरी कॉम्प्युटर नव्हता, असायचा प्रश्नच नव्हता. मग दोनशे पानी वहीत मी पानं लिहायचो, टॅग, म्हणजे ते कोनी कंसातले शब्द, लाल शाईनं आणि मजकूर निळ्या. पान मनातल्या मनात उघडून बघायचो. टेबलाच्या चौकटी मोजताना एखादं ‘टीडी’ बंद करायचं राहिलंय हे रात्री झोपेत आठवायचं. कॅफेतला अर्धा तास म्हणजे फक्त टायपिंग, विचार करायचा तो घरी. आज असं कुणी शिकत नाही आणि शिकूही नये; पण त्या वहीमुळं माझा हात अजून टॅग आपोआप बंद करतो, एवढं खरं.

पहिलं पान उघडायला मला तीन फेऱ्या लागल्या. नोटपॅडमध्ये टाईप करून ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ या नावानं फ्लॉपीवर ठेवलं. दोनदा टिचकी मारली तर पुन्हा नोटपॅडच. परत ठेवलं, परत तेच. दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो, ओळ न् ओळ ताडून बघितली. एकही चूक नाही. तिसऱ्या दिवशी कॅफेत फ्लॉपी विकायला आलेल्या पोरानं खिडकीतली एक खूण काढली आणि माझ्या फाइलचं खरं नाव दिसलं: ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’. नोटपॅडनं शेपटी जोडली होती आणि विंडोज ९८नं ती लपवली होती. नव्वद रुपये त्या शेपटीत गेले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “पत्रा पुसला न्हाईस, म्हणून जुनं अक्षर वर आलं.” तसं नव्हतं, पण मला वाद घालायचा नव्हता.

आता पान इंटरनेटवर ठेवायला जागा हवी. तेव्हा फुकट जागा देणारं मोठं नाव जिओसिटीज. ते सगळं मोहल्ल्यांत वाटलेलं होतं: सिनेमावाल्यांना हॉलीवूड, कॉम्प्युटरवाल्यांना सिलिकॉन व्हॅली, घरगुती माणसांना हार्टलँड, शिक्षण-साहित्यवाल्यांना अथेन्स. मोहल्ल्यात जायचं, रिकामा घरनंबर शोधायचा आणि राहायला जायचं. मी अथेन्स घेतलं. घरनंबर चार आकडी. ज्या गावाचं घर कुठल्या राज्यात यावर १९५६पासून वाद, त्या गावाला मी ग्रीसमध्ये घर बांधून दिलं, असं मित्रांना सांगत सुटलो होतो. जिओसिटीज त्याच वर्षी याहूनं घेतलं आणि ते मोहल्ले पुढं गेलेच. मी अगदी शेवटच्या भाडेकरूंपैकी.

पानावर घालायचं काय, हे सोपं होतं. राजहंसगडाचा एक फोटो. आजीनं सांगितलेली मांड्यांची कृती, उपड्या खापरावर पोळी टाकून, पिठीसाखर पसरून घडी घालायची ती. आणि आमच्या बोलीतल्या शब्दांची यादी. ‘जाऊलालो’, ‘करूलालास’ हे पुण्याच्या माणसाला ऐकवलं की तो आधी हसतो आणि मग अर्थ विचारतो, त्याच्यासाठी. अडलं ते मथळ्यावर. ‘बेळगाव’ लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि थांबलो. स्वल्पविरामाच्या पुढं काय? एक राज्य लिहिलं तर घरातच भांडण, दुसरं लिहिलं तर बाहेर. बाबा पडवीत ब्रश धूत होते. त्यांना विचारलं.

“बोर्डावर गिऱ्हाईक गावाच्या पुढं काय लिहितं?”

“कायच न्हाई. फोन नंबर.”

“मग?”

मी स्वल्पविराम खोडला.

रंगांवरून मात्र आमचं वाजलं. मी वहीत रंगांचे आकडे लिहीत बसलो होतो. त्या काळात सगळ्या पडद्यांवर बिनधोक दिसणारे रंग दोनशे सोळाच धरायचे: लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या, सहा गुणिले सहा गुणिले सहा. पिवळ्यासाठी लाल पूर्ण, हिरवा पूर्ण, निळा शून्य. बाबांनी डोकावून विचारलं, “काय करूलालास?” मी सांगितलं. त्यांनी डब्याच्या झाकणावर लाल ऑईलपेंटचा थेंब टाकला, शेजारी हिरवा, आणि काडीनं कालवलं. शेणासारखा रंग झाला. झाकण माझ्यापुढं धरलं. “हा तुझा पिवळा?”

मग मी त्यांना कॅफेत नेलं. आयुष्यात एकदाच. दुकानाचा बोर्ड रंगवायला जायचे तसा धुतलेला शर्ट घालून आले होते. मी पान उघडलं, पिवळी पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, नाक पडद्याला टेकेल इतकं पुढं गेले. मग जिभेला बोट लावून ते ओलं बोट त्यांनी काचेवर टेकवलं. मालक ओरडला, “ओ मामा!” पण थेंब बसला होता, आणि त्या थेंबाच्या भिंगातून पिवळ्याच्या जागी लाल आणि हिरवे ठिपके दिसत होते, एकाशेजारी एक, दाटीवाटीनं. निळे ठिपके विझलेले. बाबा बराच वेळ बघत राहिले. “कालवलेलं न्हाई,” ते म्हणाले. “शेजारी ठेवलंय. डोळा कालवतोय.” मला हे कुठल्या पुस्तकात इतकं नीट सापडलं नव्हतं.

त्याच पानावर मी एक ओळ पळवली होती, मार्की लावून, डावीकडून आत येणारी. ती बघून त्यांनी तोंड फिरवलं. “माणूस चालत असतंय, म्हणून अक्षर उभं पाहिजे. दोघंबी पळाले तर वाचणार कोण?” मार्की मी काढली नाही. तेव्हा ती माझी एकमेव कला होती.

मराठीचा किस्सा इथून सुरू होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी एकेक ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१पासून होती म्हणतात, पण कॉलेज रोडच्या बोळातल्या विंडोज ९८पर्यंत ती पोचली नव्हती. आम्हाला होते ते फुकट मिळणारे फॉन्ट: शिवाजी, किरण, शुषा. इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा घालायचा, असा तो कारभार. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी ‘एम’च, पण पडद्यावर अर्धा म. शुषात मला फार मजा यायची, कारण ते बोर्ड रंगवण्यासारखं होतं: म पुरा करायचा तर अर्ध्या म-ला दंड जोडायचा, म्हणजे दोन कळा, क-चा दंड आधीच पोटात, म्हणून त्याला एकच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, उच्चार नंतर असला तरी. हात जसा लिहितो तसं, तोंड जसं बोलतं तसं नाही. दुसऱ्या एका फॉन्टात कोनी कंसाच्या कळीवरच एक जोडाक्षर बसवलेलं होतं. ते आलं की ब्राउझरला वाटायचं टॅग सुरू झाला, आणि पुढचा अर्धा परिच्छेद तो गिळून टाकायचा. आजीच्या मांड्यांतली साखर अशी दोन दिवस गायब होती. आणि ळ! हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टात ळ म्हणजे लग्नात उशिरा आलेला पाव्हणा. ताट वाढतात, पण कोपऱ्यात.

पान झालं, चढवलं, मित्रांना बोलावून दाखवलं. सगळ्यांनी वाहवा केली. मी दोन नंबरच्या मशीनवर बसायचो, फॉन्ट तिथं घालून ठेवला होता, गडाचा फोटोही त्याच मशीनच्या माय डॉक्युमेंट्समध्ये होता. पंधरा दिवसांनी एकदा दोन नंबरवर कुणीतरी चॅटिंग करत बसलं होतं, म्हणून मी तीनवर बसलो. पत्ता टाकला. पान उघडलं. गडाच्या जागी रिकामी चौकट, तिच्यात तांबडी फुली. मजकुराच्या जागी एम, ए, कॅपिटल आय, स्वल्पविराम, डॉलर, परत कॅपिटल आय. माकडानं टाईप केल्यासारखं. फक्त मार्की पळत होती, तीही तसलीच अक्षरं घेऊन.

मी उठून दोन नंबरच्या खोपट्यामागं जाऊन उभा राहिलो. मशीन तेच, कॅफे तेच, मधे प्लायवूडची एक फळी. पान जगभर ठेवलंय असं मी सांगत होतो, आणि ते त्या फळीच्या पलीकडं जात नव्हतं.

फोटोचं औषध सोपं होतं. मी पत्ता ‘सी’ ड्राइव्हपासून लिहिला होता, म्हणजे बघणाऱ्याच्या मशीनवर गडाचा फोटो आधीच आहे असं गृहीत धरलं होतं. तो सुधारला. तरी फुली गेली नाही, कारण फाइलचं नाव मोठ्या लिपीत आणि पानात छोट्या. विंडोजला दोन्ही सारखं, तिकडच्या सर्व्हरला नाही. तेही सुधारलं. फॉन्टसाठी मात्र वर इंग्रजीत एक ओळ टाकली की हे पान वाचायचं तर आधी हा फॉन्ट उतरवून घ्या. म्हणजे दुकानाच्या दारात चष्मे विकायला बसलो.

जूनमध्ये दुबईहून एक ईमेल आली. अनोळखी माणूस, खानापूर तालुक्यातला, तिकडं नोकरीला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट घालायची परवानगी नाही. त्यानं इंग्रजी लिपीत मराठी लिहिलं होतं: गड दिसला, गडावरच्या सिद्धेश्वराच्या देवळात लहानपणी आलोय, बाकी काही वाचता येत नाही, वर निदान गावाचं नाव तरी मराठीत दिसेल असं करा.

ती मेल मी छापून घेतली, पाच रुपये देऊन, आणि घरी नेली. बाबांनी दोनदा वाचायला लावली. मग ड्रॉइंग शीट काढलं, पट्टीनं पेन्सिलची रेघ मारली आणि विचारलं, “किती मोठं पाहिजे?” मी म्हणालो, चारशे पिक्सेल. “फुटात सांग की.” रात्री जेवणं झाल्यावर बल्ब खाली ओढून त्यांनी ‘आमचं बेळगाव’ लिहिलं. काळ्यात अक्षर, तांबड्यात शेड, उजेड डावीकडून. ळ करताना श्वास धरला होता त्यांनी, खांदे दिसत होते. मग कागद वाळत टाकला, बोर्डासारखाच, भिंतीला टेकवून.

“किती दिवस राहील तुझ्या तिकडं?”

“कायमचं.”

“पत्र्यावर बी कायमचं न्हाई राहत. उन्हानं लाल पहिला जातोय.”

डीटीपीच्या दुकानात तो कागद वीस रुपयांत स्कॅन केला, जिफ केला, चौदा केबी झाला. त्यानंतर शब्दांची यादीही त्यांनीच लिहून दिली, एकेका शब्दाची पट्टी. चित्रातलं अक्षर शोधता येत नाही, कॉपी होत नाही, हळू उतरतं. सगळे दोष मान्य. पण ते तीन नंबरच्या मशीनवर दिसत होतं. दुबईतही दिसलं, तशी मेल आली.

पुढचं भराभर झालं. विंडोज एक्सपीत मंगल हा देवनागरी फॉन्ट होता, पण तो चालू करायला सीडी मागायचा, आणि सीडी ज्यानं मशीन विकलं त्याच्याकडं. २००३मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. मी काही वर्षं ‘बरह’मध्ये मराठी टाईप करायचो, ते मुळात कन्नडसाठी केलेलं सॉफ्टवेअर, आणि त्यातून माझी मराठी उत्तम उमटायची. याच्यावर बेळगावच्या माणसानं काय बोलावं. इकडं फ्लेक्स आला. रात्री सांगितलं की सकाळी दहा फुटांचा बोर्ड हजर, फोटोसकट. बाबांनी काही दिवस फ्लेक्सच्या दुकानात कन्नड-मराठी मजकूर तपासून द्यायचं काम केलं आणि मग तेही सोडलं. तिथं ओळींच्या मधली चार बोटं कुणी ठेवत नव्हतं, ओत्तक्षराचे पाय खालच्या वेलांटीत घुसलेले असायचे. २०१४च्या १ नोव्हेंबरला सरकारी कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं आणि गावभर पाट्या बदलल्या, तेव्हा बाबांच्या ब्रशांची पेटी माळ्यावर होती.

जिओसिटीज ऑक्टोबर २००९मध्ये बंद झालं. माझ्या पानाची प्रत माझ्याकडं नव्हती. फ्लॉपीला कधीच बुरशी लागली होती. परवा, म्हणजे दिवाळीत, भाच्याला हे सगळं सांगत होतो आणि त्यानं विचारलं, पत्ता आठवतो का? आठवत होता. अथेन्स, गल्ली, घरनंबर. त्यानं जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये तो टाकला, आणि एका जुन्या तारखेला टिचकी मारल्यावर पान उघडलं.

गडाचा फोटो नव्हता. मांड्यांची कृती होती, सगळी त्या माकडाच्या इंग्रजीत. भाचा म्हणाला, हे करप्ट झालंय. झालं नव्हतं. एम, ए, कॅपिटल आय: मी. मी ते बोटांनी टेबलावर वाजवत वाचत गेलो, पिठीसाखरेपर्यंत. मधे अडलो नाही.

आणि वर ती पट्टी होती. काळं अक्षर, तांबडी शेड, डावीकडून उजेड.

बाबा आता ऐंशीला आलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला आणि नाक पडद्याला टेकेल इतकं पुढं गेले. लाल गेला नव्हता, ते त्यांनी बघितलं असणार, बोलले नाहीत. मग बोट उचलून ळवर टेकवलं.

“ही गाठ बुजली,” ते म्हणाले. “तेव्हा सांगायचं न्हाईस?”